५८ मुलांच्या वर्गात पुराव्यांवरून इतिहास कसा शिकवावा?

नागपूरच्या हिंगणा मार्गावरील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इतिहास व नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलेला हा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गात ५८ मुले आहेत आणि आठवड्याला तीन तासिका मिळतात. बी.एड.ला ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः घडवते हा विचार, शिकून झाला आहे, तरीही मुले धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे गाईडमधून उतरवून पाठच करतात. संशोधन ‘साधनांवरून (जुने कागद, वस्तू, आठवणी अशा पुराव्यांवरून) शिकवा’ असे सांगते, ते ३५ मिनिटांत कसे बसवायचे, त्यात अभ्यासक्रम मागे पडणार नाही का, आणि यंदाच्या कृतिसंशोधनाला (शिक्षकाने स्वतःच्या वर्गावर करायच्या छोट्या संशोधनाला) यातून विषय मिळेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी ३१ वर्षे नागपुरातच इतिहास-भूगोल शिकवला आणि पुढे काही वर्षे बी.एड.च्या विद्यार्थ्यांचे सराव पाठ पाहिले. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, पंधरवड्यातून एक तासिका या कामासाठी राखावी, त्या तासिकेत एकच प्रश्न आणि दोनच साधने घ्यावीत, आणि उरलेल्या तासिकांत नेहमीचे कथन, फळा आणि पुस्तक निःसंकोचपणे चालू ठेवावे.

आधी संशोधन नेमके काय म्हणते ते पाहू, कारण प्रशिक्षणांतून ते आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे नुसते घोषवाक्य झालेले असते. सॅम वाइनबर्ग या अमेरिकन संशोधकाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ इतिहासकारांना आणि शाळेतल्या आठ हुशार विद्यार्थ्यांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात झालेल्या १७७५ च्या लेक्झिंग्टन येथील चकमकीविषयीचे तेच कागद वाचायला दिले आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. इतिहासकार मजकुराला हात घालण्याआधी तो कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला हे पाहत होते, एका कागदातले विधान दुसऱ्याशी ताडून बघत होते; विद्यार्थी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत गेले. त्या कागदांत पाठ्यपुस्तकातला एक उताराही होता. विद्यार्थ्यांना तोच सर्वांत विश्वासार्ह वाटला आणि इतिहासकारांनी तो तळाला ठेवला. आपल्या वर्गातले मूल ‘पुस्तकात दिलंय’ एवढे म्हणून थांबते ते आळसामुळे नव्हे. लिहिलेल्या मजकुरालाही लिहिणारा असतो, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

दुसरा अभ्यास तुमच्या अभ्यासक्रमाच्या काळजीशी थेट जोडलेला आहे. ॲव्हिशाग राइसमन या संशोधिकेचा सॅन फ्रान्सिस्कोतील पाच शाळांमध्ये अकरावीच्या २३६ विद्यार्थ्यांसह सहा महिने चाललेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पाठाची बांधणी ठरलेली होती. आधी शिक्षकाने पार्श्वभूमी सांगायची, मग एक मध्यवर्ती प्रश्न ठेवायचा, मग भाषा सोपी करून घेतलेली मोजकी साधने वाचायची आणि शेवटी चर्चा करायची. या मुलांची साधने तपासण्याची क्षमता वाढली, यात नवल नव्हते. पण घटनांची माहिती आणि वाचनाचे आकलन यांतही ती नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या पुढे गेली. या बांधणीत पार्श्वभूमी पहिली आहे आणि ती शिक्षकाने सांगायची आहे, हे मी मुद्दाम लक्षात आणून देतो. ज्ञानरचनावादाचा आपल्याकडे रुळलेला अर्थ, म्हणजे शिक्षकाने काही सांगूच नये आणि मुलांनी सगळे आपापले शोधून काढावे, हा या संशोधनातून निघत नाही. ज्याला मध्य प्रांत, म्हणजे नागपूर राजधानी असलेला ब्रिटिशकाळातला प्रांत, ठाऊक नाही, तो त्या काळचा कोरीव दगड (असा एक पाठ पुढे सांगतो) वाचूच शकत नाही.

हा विचार आपल्यालाही परका नाही. मध्य प्रदेशात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने आपल्या इटारसी मार्गावरच्या होशंगाबाद भागात सरकारी शाळांसाठी सामाजिक अध्ययनाची पुस्तके तयार केली, ती वर्गात तपासून पाहिली आणि परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून घेतली. आपल्या बालभारतीच्या आठवी आणि नववीच्या इतिहासाच्या पुस्तकांचा पहिला धडा साधनांचाच आहे, आणि दहावीचे पुस्तक तर इतिहासलेखनाच्या परंपरेपासूनच सुरू होते. आपण तो धडा जून महिन्यात ‘भौतिक, लिखित, मौखिक’ असा तक्ता काढून संपवतो आणि पुढच्या जूनपर्यंत त्याकडे वळत नाही. पाकशास्त्राचा धडा वाचून वर्षभर चूल न पेटवण्यासारखे हे आहे.

आता एक प्रत्यक्ष पाठ सांगतो. हा मी अनेक वर्षे घेतला आणि दरवेळी त्यातून काही नवे निघाले. फळ्यावर प्रश्न लिहायचा : ‘झिरो माईलचा दगड भारताचा मध्य दाखवतो का?’ नागपूरच्या मुलाला हा प्रश्न विचारण्यासारखा वाटतच नाही, कारण घरी, रिक्षात, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सगळीकडे त्याने तेच ऐकलेले असते. हात वर करायला सांगितले की जवळजवळ सगळे हात वर जातात. ती संख्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची आणि पुसायची नाही. मग पाच मिनिटांत पार्श्वभूमी सांगायची. १८०२ मध्ये मद्रासहून विल्यम लॅम्बटनने त्रिकोणमितीच्या आधारे भारताची मोजणी सुरू केली. हे काम पुढे अनेक दशके चालले. लॅम्बटन स्वतः १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. हिंगणघाटला मामाचे गाव असलेले एखादे मूल वर्गात असतेच आणि ते ताठ होऊन बसते.

त्यानंतर प्रत्येक बाकावर दोन छायाचित्रे द्यायची. पहिले त्या मोजणीच्या खुणेच्या दगडाचे. त्यावर १९०७ हे साल आहे आणि या ठिकाणची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी नोंदलेली आहे. दुसरे शेजारच्या खांबाचे. त्यावर जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, हैदराबाद अशी नावे आणि मैलांतली अंतरे कोरलेली आहेत. मुलांना एवढेच सांगायचे की, दगडावर जे लिहिले आहे तेच वाचा, आपल्याला जे माहीत आहे ते त्यात मिसळू नका. चार-पाच मिनिटे कुजबुज चालते. मग कोणीतरी म्हणते, ‘सर, याच्यावर मध्य असं कुठंच लिहिलेलं नाही.’ दुसरे विचारते, ‘मुंबईचं नाव काऊन नाही, सर?’

हा ‘काऊन’ (आपल्या बोलीतले ‘का’) म्हणजे त्या तासिकेतला सोन्याचा क्षण असतो, आणि नेमका तिथेच उत्तर देऊन टाकण्याचा मोह शिक्षकाला होतो. तो आवरावा. आठवीच्या नकाशावर ही गावे शोधायला लावली की मुलांच्या लक्षात येते की, यांतली बहुतेक गावे नागपूरच्या उत्तरेला आणि आज वेगळ्या राज्यात आहेत. मग १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी होती आणि १९५६ पर्यंत नागपूरचा राजधानीचा मान टिकला, ही माहिती सांगितली की ती धड्यातली ओळ राहत नाही; कोड्याची किल्ली होते. पुढे एखादे मूल आपणहून विचारते की, १९०७ चा भारत म्हणजे कोणता? तेव्हाच्या ब्रिटिश भारतात आजचे पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमारही होते. मग मध्य कोणत्या भारताचा? शेवटी पुन्हा हात वर करायला सांगायचे आणि नवी संख्या जुन्या संख्येखाली लिहायची. ती शून्यावर येत नाही, येऊही नये. ज्यांचे मत बदलले नाही त्यांनीही कारण देऊनच तसे म्हणायचे, एवढी अट असावी.

वहीत तीनच ओळी लिहून घ्याव्यात : माझे उत्तर, ते दगडावरच्या कोणत्या शब्दावरून किंवा आकड्यावरून निघते, आणि मला अजून काय कळलेले नाही. परीक्षेत ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली आपण जे शोधत असतो ते यातल्या दुसऱ्या ओळीत असते. वर्षभरात अशा दहा-बारा ओळी लिहिलेल्या मुलाला ‘सकारण’ या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. याच पाठाला आठवीच्या शेवटच्या ‘महाराष्ट्र राज्याची निर्मिती’ या धड्याची कडीही जोडता येते. विदर्भाच्या महाराष्ट्रात येण्याविषयीचा २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आणि दर हिवाळ्यात इथे होणारे विधिमंडळाचे अधिवेशन यांचा अर्थ, आपले शहर कधीकाळी कोणाची राजधानी होते हे उमगलेल्या मुलाला लगेच कळतो.

माझा पहिला प्रयत्न मात्र साफ फसला होता, आणि तो का फसला हे तुमच्या उपयोगाचे आहे. असहकार चळवळीवर मी सहा साधने गोळा केली, प्रत्येक पानभर, बारीक टायपात, आणि झेरॉक्स काढून वाटली. घंटा झाली तेव्हा बहुतेक मुले दुसऱ्या पानावर होती आणि मागच्या बाकांवरच्या मुलांनी पानांची विमाने केली होती. चूक मुलांची नव्हती. साधन आठ-दहा ओळींहून मोठे नसावे, अक्षर दुरून वाचता येईल एवढे असावे, जुनी वाक्यरचना शिक्षकाने आधीच सोपी करून ठेवावी आणि मूळ कागदाचे चित्र केवळ दाखवण्यापुरते ठेवावे. भोसलेकालीन मोडी कागद मुले वाचू शकणार नाहीत. पण एकदा ते अक्षर डोळ्यांखालून गेले की खालच्या देवनागरी ओळींना वेगळे वजन येते. त्याच असहकाराच्या धड्याला पुढे मी एकच प्रश्न जोडला : नागपुरात ‘काँग्रेस नगर’ हे नाव कुठून आले? काँग्रेसचे डिसेंबर १९२० चे नागपूर अधिवेशन त्यानंतर कोणाला पाठ करावे लागले नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याविषयी थोडे सांगतो, कारण याला पैसा लागत नाही आणि वेळही नाममात्र लागतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण करून दाखवले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. हा अवकाश तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद शिक्षकाला फार लांब वाटतात. मी टेबलाखाली बोटांवर मोजत असे.

मौखिक साधनांसाठी नागपूरसारखे गाव मिळणे कठीण. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, आणि पुढची शंभर वर्षे या शहराच्या निम्म्या वस्त्यांचे घड्याळ मिलच्या भोंग्यावर चालत असे. एका वर्षी मी नववीच्या मुलांना घरी किंवा शेजारी मिलमध्ये काम केलेले कोणी असल्यास त्यांना दोनच प्रश्न विचारून यायला सांगितले : कामाला किती वाजता निघत होता आणि जेवणाचा डबा कोण आणत असे. एका मुलीने आजोबांचे हजेरी कार्ड आणले. घामाने आणि तेलाने पिवळे पडलेले, कडा मऊ झालेले ते कार्ड तिने पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून कंपासपेटीत ठेवले होते. तिच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे भोंगा पहाटे व्हायचा, तर दुसऱ्या मुलाच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे दुपारी. वर्गाचे पहिले मत असे पडले की, दोघांपैकी एक जण विसरला असावा. इंग्लंडमध्ये पीटर ली आणि रोझलिन ॲश्बी या इतिहासशिक्षणाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ७ ते १४ वर्षांच्या मुलांबरोबर जे काम केले, त्यात नेमकी हीच पायरी नोंदलेली आहे. एकाच गोष्टीची दोन कथने वेगळी असली की लहान मुले त्यातले एक चुकीचे मानतात. सांगणारा कुठे उभा होता हा विचार नंतर येतो. आमच्या वर्गात तो त्या कार्डाने आणला. कार्डावर कामाची पाळी (शिफ्ट) लिहिलेली होती. दोन्ही आजोबा खरे होते, पाळ्या वेगळ्या होत्या.

आता एका नाजूक बाबीकडे येतो. तिची चर्चा प्रशिक्षणात क्वचित होते आणि आपल्या शहरात ती टाळणे योग्य नाही. ‘समतेचा लढा’ शिकवताना किंवा १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेचा विषय निघाला असता, वर्गातील कित्येक मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकाहून अधिक माहिती असते. ती वर्गात यावी असे वाटणे रास्त आहे. पण ‘तुमच्यापैकी कोणी सांगेल का’ असे म्हणून ठरावीक मुलांकडे पाहणे हा अपराध आहे. त्या क्षणी आपण मुलाला विद्यार्थी म्हणून न पाहता एका समाजाचा प्रतिनिधी म्हणून उभे करतो. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला हे केले आहे, आणि त्या मुलाने खाली घातलेली मान मला आजही दिसते. यावर उपाय असा की, प्रश्न सगळ्या वर्गाला सारखाच लागू होईल असा बेतावा. उदाहरणार्थ, ‘आपल्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली स्त्री कोण, आणि तिच्या आधी कोणी का चढली नाही?’ प्रत्येक घराचे उत्तर येते, ती उत्तरे फळ्यावर काढलेल्या कालरेषेवर बसवली की कोणाच्या घरात शाळा किती उशिरा पोहोचली हे मुलांना स्वतःच दिसते, आणि बोलायचे की नाही हे प्रत्येक मूल स्वतः ठरवते. उत्तर आणले नाही म्हणून कोणालाही रागावू नये.

भूगोलाला हीच रीत लागू पडते, त्यावर जास्त लिहीत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेच्या पावसात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे मुलांनी पाहिले-ऐकलेले आहे. आपल्या गल्लीत पडलेले पाणी कोणत्या नाल्याने कुठे जाते याचा नकाशा काढायला सांगा. नदीप्रणालीची व्याख्या त्यानंतर द्या.

अभ्यासक्रम आणि गुणांच्या काळजीविषयी. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले. पण आठवड्यानंतर, उतारा बंद करून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. म्हणून प्रत्येक तासिकेची पहिली चार मिनिटे पुस्तके मिटून पाच प्रश्न विचारावेत : तीन मागच्या आठवड्यातले, दोन मागच्या महिन्यातले. उत्तरे मुलांनी स्वतःच तपासावीत, गुण नोंदवू नयेत. सनावळ्या आणि नावे यानेच पक्की होतात, आणि एरवी घटक चाचणीआधी उजळणीत जाणाऱ्या तासिका वाचतात. साधनांच्या तासिकेसाठी वेळ इथूनच मिळतो. मी काही धडे सरळ गोष्टीसारखे सांगून संपवीत असे आणि त्याबद्दल मला कधी अपराधी वाटले नाही. रंगवून, नेमकेपणाने सांगितलेली गोष्ट हे आपल्या व्यवसायातले जुने आणि खणखणीत कौशल्य आहे.

कृतिसंशोधनाचा विषय लहान ठेवा : ‘आठवीच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांत पुराव्याचा उल्लेख वाढवण्यासाठी दोन साधनांच्या पाठांचा उपयोग’. सुरुवातीला दोन साधनांवर आधारित एक प्रश्न लिहायला द्या आणि ५८ उत्तरपत्रिकांचे तीन ढीग करा. पहिल्यात पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरवलेली, दुसऱ्यात स्वतःचे मत आहे पण आधार नाही अशी, तिसऱ्यात साधनातला शब्द किंवा आकडा दाखवून दिलेली. ढीग करताना नावे झाकावीत, नाहीतर हुशार मुलांचे कागद आपोआप तिसऱ्या ढिगाकडे सरकतात. शक्य असल्यास दुसऱ्या एखाद्या शिक्षकाकडूनही तेच वर्गीकरण करून घ्यावे आणि जिथे मतभेद होईल तिथे बसून बोलावे. तीन महिन्यांत सहा पाठ झाल्यावर तेवढ्याच अवघड पण नव्या साधनांवर तसाच प्रश्न द्या आणि पुन्हा ढीग करा. अहवालात सरासरी आणि टक्केवारीचे तक्ते भरण्यापेक्षा पहिल्या ढिगातून तिसऱ्यात आलेल्या दोन आणि अजिबात न हललेल्या दोन मुलांची दोन्ही वेळची उत्तरे शेजारी शेजारी छापा. न हललेल्या मुलांची अडचण बहुधा विचाराची नसते, वाचनाची असते. तसे आढळल्यास ते स्पष्ट लिहा. तुलनेसाठी दुसरा वर्ग नसल्याने सगळी वाढ पाठांमुळेच झाली असा दावा करू नका. तपासणारे अधिकारी आग्रह धरतील, तरीही करू नका.

झिरो माईलची छायाचित्रे स्वतः जाऊन काढा, इंटरनेटवरच्या चित्रांत तिथले घोड्यांचे पुतळेच मोठे दिसतात आणि अक्षरे वाचता येत नाहीत. सकाळी लवकर जा. ऊन तिरपे असते तोवर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली धरते आणि आकडे वाचता येतात; दहा वाजून गेले की दगड नुसता पांढरा दिसतो.